टोपी की चेहरा? नमुन्याच्या नाण्यांची गोष्ट

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक डबा असतो. कधी तो डॅनिश बिस्किटांचा निळा पत्र्याचा, कधी श्रीखंडाचा रिकामा झालेला. पुण्याच्या रिक्षावाल्याने परत दिलेली दोन-पाच रुपयांची नाणी, लंडनच्या ट्रिपमधले पेन्स, स्वित्झर्लंडहून येताना खर्चायचे राहून गेलेले फ्रँक, अमेरिकेतल्या मावशीने मुलांच्या हातावर ठेवलेले क्वार्टर, सगळे त्या डब्यात एकत्र नांदत असते. बाहेर देश एकमेकांशी कितीही भांडोत, डब्यात मात्र सगळे गुण्यागोविंदाने राहतात!

या लेखात मी ज्या नाण्यांविषयी लिहिणार आहे, ती तुमच्या-माझ्या डब्यात कधी सापडायची नाहीत. कारण ती बाजारात चालावीत म्हणून पाडलेलीच नव्हती. इंग्रजीत त्यांना ‘पॅटर्न कॉइन’ म्हणतात, आपण ‘नमुन्याचे नाणे’ म्हणू. नवीन नाणे काढायचे ठरले की टांकसाळ आधी पाच-दहा नग पाडून बघते, साहेब लोकांना दाखवते, मग कुणी म्हणतो अक्षरे लहान आहेत, कुणी म्हणतो गरुड कोंबड्यासारखा दिसतो. शेवटी एक नमुना पसंत पडतो आणि बाकीचे कपाटात जातात.

मी पेशाने इंजिनिअर. आमच्या धंद्यात याला प्रोटोटाइप म्हणतात आणि त्याशिवाय आमचे पान हलत नाही. डच भाषेतला शब्द मला त्याहून आवडतो : ‘प्रूफमुंट’. ‘प्रूफ’ म्हणजे चाचणी, आणि ‘प्रूव्हन’ म्हणजे चव घेणे. आमटीत मीठ बरोबर पडले की नाही हे बघायला आई पळीतले दोन थेंब तळहातावर घ्यायची ना, तसेच हे. पातेलेभर आमटी बिघडण्याआधी दोन थेंब!

आता नाण्यात बिघडण्यासारखे काय असते, असे तुम्ही विचाराल. पुष्कळ असते. नाणे म्हणजे दोन ठशांच्या मध्ये दाबलेली धातूची चकती. ठशातले चित्र जितके खोल, तितका धातू त्यात चढायला हवा. एका बाजूला राजेसाहेबांचे गाल गुबगुबीत कोरले आणि नेमके त्यांच्या पाठीमागे दुसऱ्या बाजूला जाडजूड मुकुट काढला, तर धातू दोन्हीकडे पुरत नाही आणि मग गाल तरी बसतात नाही तर मुकुट तरी पुसट येतो. हे कागदावरच्या चित्रात कळत नाही, नाणे पाडल्यावरच कळते.

पण तांत्रिक भाग सोडा. नमुन्याच्या नाण्यांचे खरे मोल वेगळे आहे. चालू नाण्यावर देशाने घेतलेला निर्णय दिसतो, तर नमुन्याच्या नाण्यावर त्या निर्णयाआधीचा वाद दिसतो. आणि नाण्यावरचा सगळ्यात जुना वाद एकच : त्यावर चेहरा कुणाचा?

फिलाडेल्फियाचे तळघर

या वादाची सगळ्यात गाजलेली फेरी झाली १७९२ साली अमेरिकेत. देश नवा, तिजोरी रिकामी, आणि बाजारात नाणी सगळ्या जगाची : स्पॅनिश, इंग्रज, फ्रेंच. स्वतःचे नाणे हवे म्हणून काँग्रेसपुढे विधेयक आले. सिनेटच्या मसुद्यात अशी तरतूद होती की नाण्याच्या एका बाजूला त्या वेळच्या अध्यक्षाचा चेहरा आणि नाव असावे. अध्यक्ष होते जॉर्ज वॉशिंग्टन. युद्ध जिंकून देणारा माणूस, त्याच्या नावाला विरोध करणार तरी कोण?

प्रतिनिधिगृहाने केला. व्हर्जिनियाचे जॉन पेज यांचे म्हणणे साधारण असे होते की आजच्या अध्यक्षाचा चेहरा आपल्याला प्रिय आहे हे खरे, पण त्याच्या मागून येणाऱ्यांचे काय? नाण्यावर डोके छापणे ही राजेशाहीची खूण, ती आपण कशाला उचलायची? बरीच ओढाताण झाली आणि अखेर सिनेट नमले. २ एप्रिल १७९२ रोजी वॉशिंग्टन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात नाण्याच्या एका बाजूला ‘स्वातंत्र्याचे प्रतीक’ ठरेल असे चित्र, ‘लिबर्टी’ हा शब्द आणि पाडल्याचे वर्ष एवढेच होते. म्हणजे स्वतःचा चेहरा नाण्यावर येणार नाही या कागदावर त्यांनी स्वतःच सही केली.

कायदा झाला, पण टांकसाळ कुठे होती? पहिली नाणी पाडली गेली ती जॉन हार्पर नावाच्या करवती बनवणाऱ्या कारागिराच्या तळघरात. जुलै १७९२ मध्ये तिथे ‘हाफ डिस्म’ हे छोटे चांदीचे नाणे, म्हणजे पाच सेंटचे, सुमारे १,५०० नग पाडले गेले आणि ते थॉमस जेफर्सन यांच्या हाती सोपवले गेले. त्यानंतर त्याच वर्षी नमुने निघाले ते डिस्म, सेंट आणि क्वार्टरचे.

त्यातला एक नमुना आम्हा इंजिनिअर लोकांना फार आवडावा असा आहे. कायद्याने सेंटमध्ये २६४ ग्रेन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम तांबे हवे होते. एक सेंटसाठी एवढी मोठी चकती खिशात कोण बाळगणार? टांकसाळीतले हेन्री व्हॉइट यांनी युक्ती सुचवली. चकती लहान करायची, तिच्या मध्यभागी भोक पाडायचे आणि त्यात चांदीचा एक बारीक खिळा ठोकायचा. पाऊण सेंटची चांदी, पाव सेंटचे तांबे, बेरीज एक सेंट! हिशोबाला चोख, पण एकेका चकतीला भोक पाडून खिळा बसवत राहिलो तर लाखभर नाणी कधी व्हायची? कल्पना तिथेच थांबली आणि पुढच्या जानेवारीत सेंटचे वजनच कमी करण्यात आले. आज त्या चांदीच्या खिळ्याच्या सेंटचे डझन-दीड डझन नग शिल्लक आहेत.

दुसरा नमुना ‘बर्च सेंट’. त्यावर मोकळ्या केसांची एक तरुण स्त्री आहे आणि कडेने लिहिले आहे, ‘स्वातंत्र्य ही विज्ञानाची आणि उद्योगाची जननी’. इतके छान वाक्य नाण्यावर मी तरी दुसरे पाहिलेले नाही. पण गंमत पुढे आहे. या सेंटचा एक नग पांढऱ्या धातूचा आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला तळाशी हळूच तीन आद्याक्षरे आहेत, ज्यांचा अर्थ होतो ‘जॉर्ज वॉशिंग्टन, प्रेसिडेंट’. तांब्याच्या नगांवर ती जागा ‘एक छेद शंभर’ या अपूर्णांकाने घेतली आहे. चेहरा नाही तर निदान नाव तरी, असा कुणीतरी प्रयत्न केला आणि तोही टिकला नाही. सगळा वाद अंगठ्याएवढ्या धातूवर उमटलेला! २०१५ साली यातला एक बर्च सेंट लिलावात पंचवीस लाख डॉलरच्या वर गेला. एका सेंटचे हे असे झाले.

टोपी आली कुठून?

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचे पुराण ठीक आहे, पण आपण राहतो हॉलंडात, त्याचे इथे काय? तर मंडळी, सगळेच इथे आहे.

पहिली गोष्ट, ‘डॉलर’ हा शब्द. तो मुळात बोहेमियातल्या ‘थालर’ या चांदीच्या नाण्याचा, पण अमेरिकेत पोचला तो डचांच्या ‘दाल्डर’वरून. १५७५ पासून इथे ‘लेऊवनदाल्डर’ म्हणजे सिंहाचा दाल्डर पाडला जात असे. एका बाजूला ढाल धरून उभा सरदार, दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. न्यूयॉर्क हे न्यू ॲम्स्टरडॅम होते तेव्हापासून तिथे हे नाणे चालत होते, आणि १६६४ मध्ये इंग्रजांनी शहर घेतल्यावरही चालत राहिले, इतके की १७०९ साली न्यूयॉर्क वसाहतीने कागदी नोटा काढल्या त्या ‘सिंह डॉलर’मध्ये. झिजलेल्या नाण्यावरचा सिंह कुत्र्यासारखा दिसे म्हणून लोक त्याला ‘कुत्रा डॉलर’ही म्हणत. (रुमानियाचे ‘लेउ’ आणि बल्गेरियाचे ‘लेव्ह’ ही नावेही सिंहावरूनच आली.)

आणि दुसरी गोष्ट ती टोपी. १६८० च्या दशकापासून हॉलंडच्या चांदीच्या गिल्डरवर (डच तोंडी खुल्डन) एक स्त्री उभी असे. ही ‘डच कुमारिका’. एका हाताची कोपर बायबलवर टेकलेली, दुसऱ्या हातात भाला, आणि भाल्याच्या टोकावर चक्क एक टोपी! भोवती लॅटिन अक्षरे : हिचे आम्ही रक्षण करतो, हिच्या आधारावर आम्ही उभे आहोत. पहिली ‘ही’ म्हणजे स्वातंत्र्य, दुसरी ‘ही’ म्हणजे श्रद्धा.

टोपी कशासाठी? तर रोमन काळात गुलामाला मुक्त केले की त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवत. सीझरला मारल्यावर ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर आणि त्यांच्या मध्ये हीच टोपी आहे. स्पेनच्या राजाविरुद्ध ऐंशी वर्षे लढलेल्या डचांना ती जवळची वाटली यात नवल नाही. रोमनांची टोपी गोल, डचांनी मात्र ती काठ असलेली हॅट केली. थंडी-पाऊस बघून केली असावी!

लक्षात घ्या, ही कुमारिका नाण्यावर होती तेव्हा देशात ऑरेंज घराण्याचे स्टाडहाउडर होतेच. त्यांच्यापैकी विलेम तिसरा तर १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. त्याचा चेहरा इंग्लंडच्या नाण्यांवर झळकला, पण हॉलंडच्या गिल्डरवर उभी होती ती टोपीवाली बाईच. एकच माणूस, खाडीपलीकडे नाण्यावर आणि अलीकडे नाही!

१७८२ साली जॉन ॲडम्स यांनी हेगमध्ये ठाण मांडून डच प्रजासत्ताकाकडून अमेरिकेला मान्यता मिळवली आणि पाठोपाठ ॲम्स्टरडॅमच्या सावकारांकडून पन्नास लाख गिल्डरचे कर्जही. नव्या देशाच्या देण्याचा हिशोब मांडला गेला तो अशा रीतीने टोपीवाल्या बाईच्या चलनात. अमेरिकनांनी डचांची नक्कल केली असे मी म्हणणार नाही. भाला-टोपीचे चित्र तोपर्यंत फ्रान्स-इंग्लंडातही ओळखीचे होते. पण राजा नसलेल्या देशाच्या पैशावर राजाऐवजी काय छापायचे, याचे शंभर वर्षे बाजारात चाललेले उदाहरण होते ते इथलेच. १७९३ साली अमेरिकेचे अर्धा सेंटचे नाणे चलनात आले, तेव्हा लिबर्टीच्या खांद्यामागे काठी आणि काठीवर टोपी होती.

टोपी नाण्यावर, साखळी पायात

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. त्याच १७९३ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेचे पहिले चालू सेंट बाहेर पडले. एका बाजूला लिबर्टीचा चेहरा, आणि दुसऱ्या बाजूला पंधरा राज्यांची एकजूट दाखवणारी पंधरा कड्यांची गोल साखळी. कोरणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण लोकांनी नाणे उलटून बघितले आणि म्हणाले, स्वातंत्र्याच्या पाठीवर साखळी? टीका झाली आणि ३६,१०३ नग पाडल्यावर साखळी जाऊन तिच्या जागी पानांचे कडे आले.

नाण्यावरून साखळी काही आठवड्यांत गेली. माणसांच्या पायातली जायला १८६५ साल उजाडले. डचांचेही तेच. मुक्त गुलामाची टोपी आपल्या चांदीवर मिरवणारा हा देश त्याच काळात आफ्रिकेतून माणसे विकत घेऊन सुरिनाम आणि कुरासावला नेत होता. तिथली गुलामी कायद्याने संपली १ जुलै १८६३ रोजी, आणि राजे विलेम-अलेक्झांडर यांनी त्याबद्दल क्षमा मागितली ती १ जुलै २०२३ रोजी. सुरिनामच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी पुढे करारावर मजूर आणले गेले ते आपल्याच उत्तर हिंदुस्थानातून. आज हेगच्या दुकानांत आपण ज्यांच्याकडून भेंडी-कारली घेतो, त्यांच्यापैकी अनेकांचे पणजे त्यांतले. नाण्यावर एखादी कल्पना छापली म्हणून ती अमलात आली असे होत नाही. पण छापलेली असली की निदान कुणीतरी नाणे उलटून विचारू शकतो, हे काय आहे?

डचांनी उलटा रस्ता धरला

आता इतिहासाची थट्टा पाहा. अमेरिकेने नाण्यावर राजेशाहीची खूण नाकारली त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत डचांना राजा मिळाला. १८०६ मध्ये नेपोलियनने आपला भाऊ लुई याला इथे गादीवर बसवले आणि त्याचा चेहरा नाण्यांवर आला. तो गेला, पण प्रथा राहिली. पुढे ऑरेंज घराण्याचा विलेम पहिला राजा झाला आणि टोपीवाल्या बाईची जागा राजाने घेतली. १८१६ च्या कायद्याने वीस स्टाइव्हरचा गिल्डर शंभर सेंटचा झाला. दशमान पद्धत अमेरिकेकडून आणि फ्रान्सकडून घेतली, चेहऱ्याची पद्धत मात्र राजेशाहीची.

दशमान झाले तरी जिभेवरची नावे गेली नाहीत, हे आपल्याला चटकन समजेल. दहा सेंटच्या नाण्याला लोक २००१ पर्यंत ‘डुबल्ट्ये’ म्हणजे दुप्पट स्टाइव्हर म्हणत राहिले, पंचवीस सेंटला ‘क्वार्ट्ये’. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तरी चवली, पावली, आठ आणे हे शब्द गेले का? माझ्या लहानपणी पंचवीस पैशांना सर्रास ‘चार आणे’च म्हणत. डच म्हण तर अशी की जो डुबल्ट्ये म्हणून जन्मला तो कधी क्वार्ट्ये व्हायचा नाही. नशिबात चवली असेल तर पावली कशी होणार!

त्यानंतरची दोनशे वर्षे डच नाण्यांवर चेहरेच आहेत. विल्हेल्मिना दहाव्या वर्षी राणी झाली, म्हणून १८९२ च्या गिल्डरवर ती केस मोकळे सोडलेली मुलगी आहे. पुढच्या ठशांत ती मोठी होत होत वयस्क होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देश व्यापला, चांदीची नाणी लपली आणि राणीचा चेहरा नसलेली जस्ताची नाणी आली. त्याच वेळी लंडनमधल्या डच सरकारसाठी विल्हेल्मिनाची नाणी पाडली जात होती फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळींत. ज्या देशाने आपल्या अध्यक्षाचा चेहरा नाण्यावर नाकारला, त्याच्या टांकसाळीत डच राणीचा चेहरा! तोपर्यंत अमेरिकेचाही निश्चय ढळला होता, ही गोष्ट वेगळी. १९०९ मध्ये लिंकन सेंटवर आले, आणि १९३२ मध्ये, जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून, खुद्द वॉशिंग्टन क्वार्टरवर. १७९२ चा नमुन्यातला वाद एकशे चाळीस वर्षांनी उलटा सुटला.

मी डेल्फ्टला मास्टर्स करायला आलो तेव्हा गिल्डर जाऊन युरो स्थिरावला होता. घरमालकीण आजींनी त्यांच्या ड्रॉवरमधले काही गिल्डर मला दिले. ते १९८२ पासूनचे, बेआट्रिक्स राणीचे. ब्रुनो निनाबर फान आयबन या डिझाइनरने केलेले. मागच्या बाजूला ना मुकुट ना ढाल, नुसत्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी आणि आकडा. पुढे युरोच्या डच बाजूसाठीही त्याचीच निवड झाली : राणीचा चेहरा एकीकडे, नाव उभ्या ओळींत दुसरीकडे. चेहरा ठेवायचा, पण त्याभोवतीचा दरबार काढून टाकायचा, असे ते डोके. २०१४ पासून विलेम-अलेक्झांडर यांचे नाणे आहे, ते छायाचित्रकार एर्विन ओलाफ यांनी केलेले.

आपले काय?

हे सगळे वाचताना मला आपली शिवराई आठवत राहते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर पाडलेला सोन्याचा होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरला आहे, पण तांब्याची शिवराई महाराष्ट्रात घरोघरी देव्हाऱ्यात सापडते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. बस. चेहरा नाही, सिंहासन नाही, घोडा नाही. आजूबाजूच्या मोठ्या सत्तांच्या नाण्यांवर फारसी मजकूर असताना ही देवनागरी अक्षरे. मोगलांच्या बहुतेक नाण्यांवरही चेहरे नव्हतेच (जहांगीरची हौस सोडली तर), त्यामुळे चेहरा नसणे यात नवे काही नव्हते. नवी होती ती लिपी. ज्याच्या हातात तो पैसा जायचा, त्या रयतेच्या लिपीत राज्य बोलत होते.

महाराष्ट्रात त्याही आधीचे एक उदाहरण आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, त्यावर त्याचा चेहरा. पण त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. नाणी वितळवत बसला नाही. शत्रूच्या गालावरच आपला ठसा मारला. पराभव कसा जाहीर करावा याचा हा नमुना!

मग इंग्रज आले. १८३५ पासून सगळ्या हिंदुस्थानसाठी एकसारखा कंपनीचा रुपया निघाला, त्यावर इंग्लंडच्या राजाचा चेहरा. आपल्या आज्या ज्याला ‘राणीछाप’ म्हणायच्या तो त्यानंतरचा. स्वातंत्र्य मिळाल्यावर पुन्हा तोच प्रश्न समोर आला : राजाचा चेहरा काढला, आता तिथे कोण? नोटांसाठी आधी गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार होता आणि तसे नमुनेही तयार झाले होते. पण शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या सिंहांवर. १५ ऑगस्ट १९५० ला नाण्यांवर राजाच्या जागी ते सिंह आले, रुपयावर धान्याच्या लोंब्या आल्या. १७९२ च्या फिलाडेल्फियासारखाच निर्णय : सगळ्यांना प्रिय असलेला माणूस समोर असताना त्याच्याऐवजी कल्पना निवडणे. आणि पुढची कथाही तशीच. १९६४ मध्ये नेहरू नाण्यावर आले, १९६९ मध्ये जन्मशताब्दीला गांधीजी, आणि १९९६ पासून गांधीजी आपल्या नोटांवर कायमचे आहेत. चेहरा मागच्या दाराने येतोच. माणसाला माणूसच बघायचा असतो, त्याला कोण काय करणार?

इतक्या फेऱ्यांनंतर मला वाटू लागले होते की टोपी हरली आणि चेहरा जिंकला. मग काही वर्षांपूर्वी आमच्या गेमेंटेच्या सभागृहात डच नागरिकत्वाच्या समारंभाला बसलो. ज्यांनी हा निर्णय घेतला आहे त्यांना वेगळे सांगायला नको, आणि जे अजून विचार करताहेत त्यांच्या रात्रीही मला माहीत आहेत. भारतीय पासपोर्ट परत करायचा. आई फोनवर काही बोलत नाही, पण तिचे न बोलणे ऐकू येते. मी गमतीने तिला म्हटले, “अगं, त्यावर सिंह होते, यावरही सिंहच आहेत.” ती म्हणाली, “पण ते चौघे होते रे.”

समारंभात एक घोषणा म्हणावी लागते. २००९ पासून ती सक्तीची आहे. भिंतीवर राजे-राणींचा फोटो होता, खिशातल्या युरोवर राजांचा चेहरा होता. पण जे वाक्य उच्चारायचे, त्यात मी राजाशी निष्ठावंत राहीन असे शब्दच नाहीत. या राज्याची घटनात्मक व्यवस्था, तिच्यातली स्वातंत्र्ये आणि हक्क यांचा आदर करीन आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडीन, एवढेच. मला एकदम १६८० च्या दशकातला तो गिल्डर दिसला. नाण्यावरून उतरलेली टोपी या वाक्यात येऊन बसली आहे! ज्यांनी चेहरा दिला त्यांनीही शपथ घ्यायला लावली ती टोपीचीच. आईला हे त्याच रात्री सांगितले. टोपीपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तिथेही राजाचं नाही ना घ्यायला लागलं? मग ठीक आहे.” शिवराई देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या बाईकडून मला एवढे सर्टिफिकेट पुरे होते.

आता थोडे कामाचे. हे सगळे प्रत्यक्ष बघायचे असेल तर हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये जुन्या नाण्यांचे आणि पदकांचे दालन आहे, मुलांना घेऊन जरूर जा. २७ एप्रिलला किंग्ज डेच्या रस्त्यावरच्या बाजारात जुन्या नाण्यांचे खोके घेऊन बसलेले आजोबा हमखास भेटतात. एखाद-दोन युरोत विल्हेल्मिना किंवा युलिआना मिळून जाते. घरात गिल्डरची नाणी सापडली तर ती आता बदलून मिळत नाहीत, ती मुदत १ जानेवारी २००७ लाच संपली. गिल्डरच्या बऱ्याच नोटा मात्र डच मध्यवर्ती बँक २०३२ पर्यंत बदलून देते, तेव्हा जुनी पुस्तके रद्दीत देण्याआधी एकदा झटकून बघा.

आणि टोपी हवी असेल तर आल्बर्ट हाइनमधून परत मिळालेली चिल्लर तपासा. फ्रान्सचे २०२४ च्या आधीचे दहा, वीस किंवा पन्नास सेंटचे नाणे शोधा. त्यावर शेतात बी पेरत चाललेली एक बाई आहे. तिच्या डोक्यावर काय आहे ते मुलांना विचारा. ओळखले तर ते नाणे त्यांचे.